राजेंचं वजन

ठमी फुटपाथवर सपशेल आडवी झाली तेव्हा काय झालं ते तिला आधी कळलंच नाही. पट्टा हातात घट्ट होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला राजे होते, तिचा पिवळा लॅब्राडॉर... आणि राजेंना समोर सँडविच दिसलं होतं!

"अहो, माझं जेवण!" कुणीतरी ओरडलं.

पांढरा कोट घातलेला एक उंच तरुण हातात नुसता कागद धरून उभा होता. रागवायचं सोडून त्याने ठमीला हात देऊन उठवलं, मग राजेंच्या पोटावरून हात फिरवला आणि हादरलाच. "बरगडी लागतच नाही हो हाताला! मी जनावरांचा डॉक्टर आहे. समोरच दवाखाना आहे. शनिवारी आणा याला."

ठमी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघायची, पण या डॉक्टरांच्या डोळ्यांत बघताना तिला घाम फुटला, आता बोला!

शनिवारी डॉक्टरांनी राजेंना काट्यावर चढवलं आणि समजावलं, "लॅब्राडॉर पाळलात ना? मग याचं पोट भरेल, मन भरायचं नाही. आत्ता जेवून उठला तरी जन्माचा उपाशी असल्यासारखा बघेल. आपण विरघळायचं नाही."

"तुम्ही नाही विरघळत?"

"कुत्र्यांकडे बघून... नाही," डॉक्टर म्हणाले आणि उगाच स्टेथोस्कोप शोधायला लागले. तो त्यांच्या गळ्यातच होता.

ठमीने सगळं पथ्य पाळलं. मोजून खाणं, सकाळ-संध्याकाळ फिरणं, बिस्किटं बंद. घरी बाबांनाही दवाखान्यातलं सगळं सांगायची. आणि तरीही दर शनिवारी काटा आपला वर! डॉक्टर चक्रावले, ठमी रडकुंडीला आली. एका शनिवारी राजे जिना चढताना कण्हले, तेव्हा मात्र डॉक्टरांचा तोल गेला.

"याचे खुबे कामातून चाललेत! तुम्ही चोरून खायला घालताय याला. सरळ सांगा ना!"

"मी?" ठमीला कानफटात बसल्यासारखं झालं. "मी खोटी? या आमच्या घरी! कपाटं उघडून बघा!"

"येतोच!" डॉक्टर म्हणाले.

सोमवारी भर दुपारी दोघं न सांगता घरी आली. आली कसली, एकमेकांशी अक्षरही न बोलता तणतणत आली. ठमीने दार उघडलं आणि जागीच थिजली.

स्वयंपाकघरात बाबा, तिचे सख्खे वडील, पावावर लोण्याचा थर देत होते. समोर राजे लाळ गाळत बसलेले.

"खा रे राजा," बाबा लाडाने म्हणत होते, "शनिवारी वजन भरायला हवं ना आपल्याला?"

"बाबा!"

सुरी खणकन खाली पडली. बाबांचा चेहरा पांढराफटक! पण मग तेच उसळले. "काय करू मग? आई गेल्यापासून हसली होतीस का तू? आता शनिवारी सकाळपासून गुणगुणतेस. हा बारीक झाला की हे डॉक्टर कशाला बोलावतील तुला?"

ठमीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. डॉक्टरांकडे बघायची सोयच राहिली नाही. पण तिला रडूही आलं. "बाबा, अहो, पाय जातील त्याचे! दवाखान्यातलं सगळं सांगत होते ना मी तुम्हाला?"

"तू तर नुसतं डॉक्टर कसे हसले, डॉक्टर काय म्हणाले, तेच सांगायचीस..." बाबा मटकन खुर्चीत बसले. राजेंचं डोकं मांडीवर घेऊन ते हमसून रडायला लागले. "चुकलं रे माझं..."

डॉक्टरांनी पावाची बशी उचलून ओट्यावर ठेवली. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"काका, वेळ गेलेली नाही. वजन उतरलं तर पाय सुधारतील. पण आजपासून याला एक तुकडाही द्यायचा नाही." मग ते ठमीकडे वळले. "तुमच्यावर उगाच आळ घेतला मी. माफ करा. आणि... राजे बरे झाल्यावर सुद्धा... शनिवारी याल? दवाखान्यात नाही. कुठेतरी... दोघंच?"

ठमीने डोळे पुसले. "शनिवारी नाही जमायचं."

डॉक्टरांचा चेहरा एवढासा झाला. बाबांनी तर श्वासच रोखला.

"शनिवार फार लांब आहे हो," ती म्हणाली. "आज संध्याकाळीच या ना."