शिशाला लागलेली थंडी

समुद्राच्या तळावर कुणीतरी पत्रे घातले होते. निदान पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. एक पन्हळ, मग एक उंचवटा, पुन्हा पन्हळ, पुन्हा उंचवटा, अगदी गोठ्यावरच्या पत्र्यासारखं. आता समुद्राला छपराची गरज नाही, आणि असली तरी ते तळाशी कशाला घालतील? मिताली तोरसकर टेबलावर हनुवटी टेकवून अर्धा तास त्या पडद्याकडे बघत होती आणि तिला काही केल्या उमगत नव्हतं.

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण सांगायची तर घडून गेल्यासारखीच सांगावी, म्हणजे सोपं जातं. तेव्हा कोकणच्या समुद्रात 'अथांग' नावाचं एक संशोधन जहाज फिरत होतं. त्याच्या प्रत्येक फेरीत किनाऱ्यावरच्या शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला जागा राखून ठेवलेली असे. या खेपेला ती सातवीतल्या मितालीला मिळाली होती. मिळाली म्हणजे काय, तिने मुख्याध्यापकांच्या मागे लागून लागून ती मिळवली होती.

त्याला कारण होतं. या भागात पाण्यावर तरंगणाऱ्या पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. त्यांचे नांगर आणि साखळदंड कुठे टाकायचे हे तळाचा नकाशा बघून ठरणार होतं. मितालीचे आजोबा, म्हणजे तिचा आजो, गावच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, की पंचेचाळीस वाव पाण्यात एक लांबट खडक आहे, मासे तिथे अंडी घालतात, तिथे साखळ्या नकोत. (दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जेवढं अंतर, तेवढी एक वाव.) समोरच्या साहेबांनी विचारलं, "आजोबा, पुरावा काय?" आजोने पिशवीतून आपलं शिसं काढून टेबलावर ठेवलं. दोरीच्या टोकाला बांधतात तो शिशाचा गोळा, आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेला. सभेत हशा पिकला. आजोने शिसं उचललं आणि तो घरी आला. मितालीला तो हशा अजून झोपेतसुद्धा ऐकू यायचा.

आज मोजणीचा शेवटचा दिवस होता. चार वाजता जहाज बंदराकडे वळणार होतं आणि वळायच्या आत नकाशा पाठवायचा होता. त्या नकाशात खडक कुठेच नव्हता.

"टिटवी, तळ असा पत्र्यासारखा असतो का गं?" मितालीने विचारलं.

टिटवी ही प्रयोगशाळेतली यंत्रमानव. कंदिलाएवढी, दोन पिवळ्या तंगड्यांवर टेबलभर फिरणारी. जहाजावरच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. रेहाना परकार यांनी तिचं नाव ठेवलं होतं. टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात ना, तशी ही एवढीशी टिटवी अख्खा समुद्र मोजून काढायची.

"नसतो," टिटवी म्हणाली. "म्हणून मी ते उंचवटे पुसते आहे. हे बघ." तिने पंखासारखा हात हलवला आणि पडद्यावरची एक पन्हळ इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली.

"पण ते आले कुठून?"

"ते मला माहीत नाही. मला फक्त चूक कशी दिसते ते माहीत आहे."

तेवढ्यात जहाजाची धडधड मंदावली आणि थांबली. इंजिनाची तपासणी होती, अर्धा तास तरी जहाज उभं राहणार होतं. मिताली बाहेर डेकवर आली. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि समुद्र दुपारच्या उन्हात पेंगत होता. वारा नाही, लाट नाही, आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. जहाज पाण्यावर आहे की हवेत टांगलेलं आहे असा प्रश्न पडावा इतकं सगळं निळं होतं. त्या निळ्याच्या पार टोकाला किनाऱ्यावरचे दोन डोंगर पुसट दिसत होते. मिताली सहज बघत राहिली आणि मग एकदम कठड्याशी धावली. धाकटा डोंगर मोठ्याच्या काखेत शिरला होता.

निघताना आजोने तिला हेच सांगितलं होतं. "गो चेडवा, धाकटो डोंगर मोठ्याच्या काखेत गेलो काय समजायचा, खडक पायाखाली आसा. मगे शिसां सोड. शिशाच्या बुडाक साबण लाव. चिखल आसलो तर चिखल चिकाटता. खडक आसलो तर साबणाक नुसतो खळगो पडता."

तिने धावत जाऊन बोचक्यातून शिसं आणि दोरीचं भेंडोळं आणलं. शिशाच्या बुडाला खोलगट वाटी होती, तिच्यात तिने अंगाचा साबण दाबून बसवला. खलाशांचे प्रमुख लक्ष्मण सारंग तिथेच सुपारी कातरत बसले होते. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या जहाजावरून कुणी दोरीने समुद्र मोजतंय हे बघून त्यांना हसू आलं, पण मिताली वाकली तेव्हा तिच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा त्यांनी घट्ट धरून ठेवला.

दोरी सळसळत गेली. दर पाच वावेवर एक गाठ होती. मितालीने नऊ गाठी मोजल्या आणि शिसं टेकलं. मग तिने ओढायला सुरुवात केली. ओली दोरी हातात येत होती, खालच्या गाठी येऊ लागल्या आणि तिचे तळवे गारठले. शेवटी शिसं वर आलं. ते तिने दोन्ही हातांत धरलं आणि चमकून सारंगांकडे बघितलं.

"काका, हे माठातल्या पाण्यासारखं गार आहे."

"असणारच," सारंग म्हणाले. "या दिवसांत खालचं पाणी गारच असतं. जाळी ओढताना आमची बोटं वाकडी व्हायची."

"काय गार आहे?" मागून आवाज आला. डॉ. परकार चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, नेहमी कुठेतरी दुसरीकडे बघत असल्यासारख्या. त्यांनी मितालीच्या हातातून शिसं घेतलं, गालाला लावलं, आणि पेला तिथेच कठड्यावर विसरून तडक प्रयोगशाळेत गेल्या. मिताली मागोमाग धावली.

आत गेल्यावर त्यांनी शिसं टेबलावरच्या कागदांवर ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मिताली, आपण खोली कशी मोजतो सांग."

"जहाजाच्या तळातून आवाज सोडतो. तो खाली आपटून परत येतो. किती वेळ लागला त्यावरून खोली."

"वेळ कळला, पण आवाज किती वेगाने धावला ते कळायला नको? कोमट पाण्यात आवाज जोरात धावतो, गार पाण्यात जरा रमतगमत. म्हणून आधी पाणी मोजायचं असतं. परवा आपण ते बंदराजवळ मोजलं. तिथे उथळ, वरपासून खालपर्यंत सारखंच कोमट. इथे पुन्हा मोजायचं तर जहाज तासभर उभं करावं लागतं. मी म्हटलं, समुद्र तोच आहे, परवाचाच आकडा चालवू. तीस वर्षं हे काम करते आहे आणि आळस केला."

मोठी माणसं एवढं सरळ कबूल करताना मितालीने फारशी पाहिली नव्हती.

"पण त्याने पत्रे कसे होतात?"

"आपलं यंत्र बहुकिरणी आहे (म्हणजे एकच आवाज न सोडता शेकडो आवाज पंख्यासारखे पसरून सोडणारं). मधला सरळ खाली जातो, कडेचे तिरके जातात. तुम्ही मुली हात धरून रांगेने समुद्रात धावत जाता की नाही?"

"जातो."

"तिरक्या धावलात तर?"

मितालीने डोळे मिटले. संध्याकाळची वाळू, सहा जणींची रांग, पायाला पहिलं पाणी. "कडेची आधी पाण्यात शिरते. तिचे पाय जड होतात. बाकीच्या अजून वाळूवर जोरात असतात. मग रांग फिरते."

"कुठे फिरते?"

"तोंड सरळ समुद्राकडे होतं."

"आवाजाचंही तेच होतं. कोमट पाण्यातून तिरका गार पाण्यात शिरला की त्याची वाट वळते आणि तो जास्त सरळ खाली जातो. याला वक्रीभवन म्हणतात (वेग बदलला की वाट वाकणं). आपल्या यंत्राला हे गार पाणी माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, हा कडेचा आवाज तिरकाच गेला, म्हणजे फार खोल उतरला नसणार. म्हणून कडेचा तळ खरा होता त्यापेक्षा वर दिसला. मधला आवाज वळला नाही, नुसता उशिरा आला. यंत्राला वाटलं, उशीर झाला म्हणजे तळ फार खोल. मध्ये खोल, कडा वर."

"पन्हळ," मिताली म्हणाली. "आणि आपण शेजारीशेजारी फेऱ्या मारल्या, म्हणून पत्रा." तिने टिटवीकडे बघितलं. "मग त्या खोट्या उंचवट्यांत एखादा खरा उंचवटा असला तर तो ओळखायचा कसा?"

टिटवीच्या डोक्यावरचा दिवा दोनदा मिणमिणला. "सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मधला उंचवटा बाकीच्यांपेक्षा माणूसभर जास्त उंच होता," ती म्हणाली. "मी तोही पुसला. मला तो जास्त मोठी चूक वाटला."

मितालीने पटकन डोळ्यांवरून बाही फिरवली. आजोचा खडक या टिटवीने पुसून टाकला होता, तिच्या डोळ्यांदेखत.

"रडू नकोस," डॉ. परकार म्हणाल्या. "टिटवी नकाशा पुसते, कच्ची नोंद नाही. परत आलेला प्रत्येक आवाज जसाच्या तसा ठेवलेला असतो. त्याला हात लावायची परवानगी मलाही नाही. पाणी नव्याने मोजलं तर सगळं नव्याने मांडता येईल."

"चारपर्यंत वेळ पुरणार नाही," टिटवी म्हणाली.

"मग चारला निघायचं नाही. कप्तानांशी मी भांडेन." आणि त्या खरोखरच गेल्या आणि भांडल्या. बंद दाराआडून आवाज ऐकू येत होता.

अडीच वाजता यारीने (जहाजावरच्या क्रेनने) जलमापक पाण्यात सोडला. लोखंडी कड्यात गोल उभ्या केलेल्या बाटल्या आणि त्यांच्या मध्ये पाण्याची उष्णता, खारटपणा आणि दाब टिपणारं यंत्र, असा तो दिसायचा. जलस्तंभाची (पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या पाण्याच्या उभ्या खांबाची) खबर तो आणतो. मिताली पडद्यावर त्याची रेघ उतरताना बघत होती. एकोणतीस अंश, एकोणतीस, एकोणतीस. मग दहा-बारा वाव पाण्यात रेघ जिना उतरल्यासारखी झपझप आत वळली आणि एकवीसवर जाऊन स्थिर झाली. वर उन्हात पेंगणारा समुद्र आणि खाली दुसराच, गार, काळोखा समुद्र. एकावर एक दोन समुद्र झोपले होते आणि प्रयोगशाळेत ते कुणाला ठाऊकच नव्हतं. ते फक्त जाळी ओढणाऱ्या बोटांना ठाऊक होतं.

टिटवीने नवी रेघ घेतली आणि कच्च्या नोंदीतला एकेक आवाज पुन्हा त्याच्या खऱ्या वाटेने चालवला. पडद्यावरचे पत्रे हळूहळू विरघळू लागले. पहिली पन्हळ सपाट झाली. दुसरी झाली. तिसरी, चौथी, पाचवी. मितालीने श्वास रोखून धरला होता. सगळे उंचवटे खाली बसले, सपाट राखाडी चिखलाचं मैदान पसरलं, आणि त्या मैदानात एकच उंचवटा उभा राहिला. लांबट, मध्ये जरा वाकलेला, माणसापेक्षा थोडा उंच. तळाला न पोचता मधल्या पाण्यातूनच परतलेल्या आवाजांचं चित्र टिटवीने त्याच्यावर चढवलं तेव्हा खडकाच्या वर धुक्यासारखा एक ढग तरंगताना दिसला. तो माशांचा होता.

मितालीचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

"मी याला पुसलं होतं," टिटवी हळूच म्हणाली. "यापुढे पुसायच्या आधी पाणी किती जुनं आहे ते विचारीन."

डॉ. परकारांनी नकाशा पाठवला, खडकाभोवती लाल रेघ आखून. 'साखळ्या नकोत' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. नोंदीत एक रकाना होता, शोध कुणी लावला. तिथे त्यांनी मितालीला विचारून आजोचं पूर्ण नाव घातलं आणि तारखेच्या जागी लिहिलं, 'फार वर्षांपूर्वी'. मग जहाजाचा फोन तिच्या हातात दिला.

"आजो, खडक सापडला."

"हरवलेलो कधी?" पलीकडून आजो म्हणाला. आणि लगेच विचारलं, "साबणाक काय लागला?"

मितालीने टेबलाकडे बघितलं. थंडीच्या नादात साबण बघायचा राहूनच गेला होता. शिसं अजून टेबलावर कागदांवर उभं होतं, साबणाची बाजू खाली. तिने ते उचलून उलटं केलं. चिखलाचा कण नव्हता. साबणात अंगठा मावेल एवढा खोल खळगा पडला होता आणि त्याच्या कडेला शिंपल्याचा गुलाबी चुरा चिकटला होता. दुपारपासून पुरावा सगळ्यांच्या समोर टेबलावर होता आणि कागद दाबायच्या कामी लागला होता.

"खळगो," ती म्हणाली. आजोशी बोलताना तिच्या तोंडी आपोआप आजोची बोली आली. "आजो, खळगो पडलो हा."

तिने अंगठा त्या खळग्यात घालून बघितला. पलीकडे आजो हसत होता की काय, कळलं नाही.

"आता पुढच्या सभेत मी उभी राहणार," मिताली म्हणाली. "टेबलावर हा नकाशा ठेवणार. बघू कोण हसतं ते."

"ठेव," आजो म्हणाला. "आनी वाऱ्यान उडाक नको म्हणान वयर शिसां ठेव."