न बघता केलेली सही

गोल्फचं मैदान ओलांडून दीक्षा क्लबच्या हापिसाकडं कामाला निघाली होती, तोच पांढरा चेंडू घरंगळत तिच्या चपलेपाशी थांबला. उचलून द्यायला ती वाकली.

"ओ पावणं! हात लावू नका!" एक उंच पोरगा काठी उगारत धावत आला. "हाय तिथनंच मारायचा असतोय."

"मग मी बाजूला होऊ?"

"व्हा... पण लांब नको."

तो नागसेन. आधी इतरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा, आता स्वतः स्पर्धा खेळायचा. त्या हिवाळ्यात तो रोज हापिसात डोकावू लागला. कधी पाणी प्यायला, कधी वेळ विचारायला.

"मनगटावर घड्याळ हाय की तुमच्या."

"बंद पडतंय ते... तुम्हाला बघितलं की."

दीक्षाच्या अप्पांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "औंदाची स्पर्धा जिंकू दे, मग बोलू. न्हायतर पेठ वडगावच्या मास्तरांना होकार."

आणि तो जिंकला. एका फटक्यानं! या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि आपले फटके सोबतचा खेळाडू कार्डावर लिहितो. आपण तपासून खाली सही करायची. कार्डं घ्यायला टेबलामागं दीक्षाच बसली होती. घामानं निथळणाऱ्या नागसेननं सही केली — नजर मात्र तिच्यावरून हलली नाही.

दीक्षानं बेरीज केली, ती फलकावरच्या आकड्यापेक्षा दोननं जास्त भरली. एके ठिकाणी तीनाच्या जागी पाच लिहिले होते.

"साहेब, हे चुकलंय..." तिनं पंचांना कार्ड दाखवलं.

"सही झाली ना? मग जास्तीचे लिहिलेत तेच धरायचे. नियम आहे."

जिंकलेला नागसेन एका फटक्यानं हरला.

"बघितलं न्हाईस व्हय रे?" तिनं नागसेनला विचारलं.

"बघत होतो की..." तो खाली बघत म्हणाला. "तुझ्याकडं."

त्यानं चिडावं, चार शब्द सुनावावेत, असं तिला वाटत राहिलं. तो चिडलाच नाही.

"पुढल्या वर्षी जिंकतो. थांबशील?"

"मी थांबीन... अप्पा थांबायचे न्हाईत."

वैशाखात तिचं लग्न झालं.

पुढल्याच वर्षी नागसेन जिंकला. मग जिंकतच गेला. चार-पाच वर्षांनी एका सकाळी पेपरात त्याचा फोटो आला, देशाचा विजेता म्हणून. मांडीवरचं लेकरू दूध पिता पिता झोपून गेलं, तरी दीक्षा फोटोच बघत होती.

"कोण गं? ओळखीचा हाय?" मास्तरांनी सहज विचारलं.

"न्हाय ओ... हापिसात यायचा कधीमधी."

तिनं पेपरची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.