शेजारणीची चुगली

थोरली जिथे कामाला होती तिथे एक यंत्र तयार व्हायचं. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब होतं, पण कचेरीत सगळे त्याला शेजारीण म्हणत. मुठीएवढी डबी आणि पुढे काचेचा एक डोळा. ते बनवणाऱ्या इंजिनिअरला सगळे मेंदूवाला म्हणायचे, कारण कुणीही नवीन आलं की तो मेंदूचीच गोष्ट सुरू करायचा. आपण घरात शिरतो तेव्हा घर बघतो थोडंच, असं तो विचारी. इथे कपाट असणार, तिथे टेबल असणार, असा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो. अंदाज जुळला की मेंदू गप्प. चुकला की मगच तो खडबडून जागा होतो. त्याने यंत्रही त्याच बेताचं केलं होतं. रोजचं जे आहे त्याबद्दल ते चकार शब्द काढायचं नाही. रोजच्याहून काही वेगळं दिसलं तर मात्र फोनवर एक ओळ लिहून धाडायचं. खिडकीत बसून गल्लीवर नजर ठेवणाऱ्या बाईचं दुसरं काय काम असतं? म्हणून शेजारीण, आणि तिच्या ओळीला चुगली.

थोरलीचं काम शेजारणीला शिकवण्याचं. नवी डबी कुठे लावली की पहिल्या दिवशी तिला सगळंच नवं असे, त्यामुळे ती शेकडो ओळी पाठवी. भिंत. खिडकी. भिंतीवर डाग. प्रत्येक ओळीपुढे दोन बटणं असत, बरोबर आणि चूक. शिकवणाऱ्याने एकेक ओळ पाहून बटण दाबायचं. जे बरोबर ठरेल ते शेजारीण रोजचं म्हणून मनात ठेवी, जे चूक ठरेल ते पुन्हा कधी बघत नसे. खाली आणखी एक बटण होतं, सरसकट. ते दाबलं की सगळ्या ओळी एका दमात बरोबर. ते वापरू नये असं भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आणि भिंतीवर लिहिलेल्या गोष्टींचं जे होतं तेच त्याचंही झालं होतं.

गेल्या वर्षी थोरलीच्या बाबांचा डावा हात-पाय लुळा पडला. आई त्याआधीच गेली होती, धाकटी बहीण लग्न करून दूर. बाबांना दिवसभर सांभाळायला थोरलीने एक मावशी ठेवली, तरी तिचा जीव कामात लागेना. बाबा उठू शकत नाहीत, हाक मारली तर शेजारच्या खोलीपर्यंतसुद्धा पोचत नाही. तिला आता दुसरं कुणी नव्हतं. शेवटी मेंदूवाल्याला विचारून तिने एक शेजारीण घरी नेली आणि बाबांच्या खाटेसमोर भिंतीवर लावली.

चाळीस दिवस सुखाचे गेले. दिवसाला एखादी चुगली यायची. पडदा उघडा आहे. ताट जमिनीवर आहे. एकदा नुसतंच, मांजर. थोरली वाचायची, हसायची आणि कामाला लागायची.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी अकरा वीसला ओळ आली. खुर्ची रिकामी आहे.

तिने ती वाचून फोन खाली ठेवलासुद्धा. बाबांच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती खरी. आजारपणाच्या सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली. भेटायला येणारे महिनाभर येतात, मग त्यांना कामं निघतात. खुर्ची तेव्हापासून रिकामीच होती. थोरली स्वतः खाटेच्या कडेवर बसायची.

मग तिने फोन पुन्हा उचलला. शेजारीण रोजचं सांगत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? खुर्ची आज रिकामी दिसली म्हणून जर चुगली आली असेल, तर मग काल ती रिकामी नव्हती. परवाही नव्हती.

चित्रं तपासायची सोय नव्हती. मेंदू फोटो काढून ठेवत नाही, सवय ठेवतो, असं मेंदूवाला अभिमानाने सांगायचा. थोरलीला त्या क्षणी त्याच्या अभिमानाचा फार राग आला. डोकं दुखत असल्याचं सांगून ती दुपारीच घरी आली.

घरात काही वावगं नव्हतं. मावशी बाबांना भरवत होती. थोरलीने इकडचं तिकडचं बोलत खुर्चीकडे पाहिलं. उशी मधोमध दबलेली होती. खुर्चीचं तोंड खिडकीकडे असायला हवं होतं, ते खाटेकडे होतं. आणि एक गोष्ट तिला आजच दिसली. खुर्ची आणि कपाट यांच्यामध्ये दोन माणसं आरामात जातील एवढी जागा होती, तरी मावशी ताट घेऊन तिथून गेली ती अंग चोरून, कपाटाला चिकटून. चोराच्या मनात चांदणं, थोरली मनाशी म्हणाली.

धाकटीला फोन केला तर तिने आगीत तेलच ओतलं. पाणी कुठेतरी मुरतंय, ती म्हणाली. त्या बाईचा नवरा असेल, नाहीतर भाऊ असेल, दिवसभर आयत्या पंख्याखाली येऊन बसत असेल. आज तू लवकर येणार असं त्यांना वाटलं असेल. थोरली येणार हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस असला हिशेब करत नाही. संध्याकाळी मावशी निघाली तेव्हा थोरलीने तिला दारात गाठलं आणि खुर्चीत कोण बसतं ते सरळ विचारलं.

मावशीने पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"मी नाही बसत, ताई," ती म्हणाली. "मी कुणाला आणलंही नाही. मला वाटलं... तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

थोरलीचा आवाज चढला. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर राखण कुणी करायची, वगैरे बरंच काही ती बोलून गेली, आणि उद्यापासून येऊ नकोस असंही म्हणाली. मावशी भांडली नाही. किल्ली कट्ट्यावर ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने रजा घेतली. ऊन चांगलं पडलं होतं, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. बाबांची दाढी करताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, खुर्चीत कोण बसायचं म्हणून. बाबांची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं.

"तो होय?" ते म्हणाले. "तो काल उठला."

थोरलीचा हात थांबला. मग तिला एक वेडी आशा वाटली, आणि ती वाटल्याबद्दल तिला नंतर लाजही वाटली.

"बाबा, आई येते का?"

बाबा हसले. "तुझी आई कशी येईल? ती गेली ना. ती असती तर त्याला चहा तरी विचारला असता." जरा थांबून ते म्हणाले, "तो काही बोलत नाही. नुसता बसतो. भला दिसतो."

उरलेली दाढी तिने कशीबशी उरकली. वस्तरा धुवायला ती न्हाणीघरात गेली तेवढ्यात फोन वाजला. खाटेची कड दबली आहे. ती धावत आली. खोलीत कुणी नव्हतं. पण बाबा, ज्यांना कुशीवर वळवायला रोज दोन हात लागत, ते भिंतीच्या बाजूला सरकलेले होते. शेजारी कुणाला बसायला जागा करून द्यावी, तेवढे.

तिने तिथूनच मेंदूवाल्याला फोन लावला. त्याने पहिल्या दिवसाची यादी काढली. एकूण दोनशे बारा ओळी होत्या, आणि थोरलीने त्या सरसकट बरोबर केल्या होत्या. तिला तो दिवस आठवला. बाबांच्या औषधाची वेळ झाली होती.

मेंदूवाल्याने सदतिसावी ओळ वाचून दाखवली. खुर्चीत एक जण.

"बघा, चूक तुमचीच आहे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याच्या मते उशीची सावली असेल, यंत्राला माणूस वाटला, थोरलीने त्याला हो म्हटलं. आपल्यालाही खिडकीच्या पडद्याच्या चुण्यांत चेहरे दिसतातच की.

"आणि तसं असतं तर," थोरली हळूच म्हणाली, "सावली हलली की यंत्राने दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं, खुर्ची रिकामी आहे. तिसऱ्या दिवशीही. चाळीस दिवस ते गप्प का होतं?"

मेंदूवाला एरवी कुणाला बोलू देत नसे. आता तो घाईघाईने म्हणाला, "डबीतलं सगळं पुसून टाका. मागच्या भोकात टाचणी दाबून धरा. तान्ह्या बाळासारखी कोरी होईल." आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळच्या आत थोरलीने खालच्या दोन जणांना बोलावून बाबांची खाट स्वतःच्या खोलीत हलवली. खुर्ची जुन्या खोलीतच ठेवून बाहेरून कडी घातली. रात्रभर ती बाबांच्या उशाशी बसून राहिली. काही झालं नाही. बाबा घोरत होते, आणि आयुष्यभर ज्या घोरण्याला तिने नावं ठेवली ते तिला त्या रात्री फार गोड वाटलं.

पण सोमवारी कामावर जाणं भाग होतं. रविवारी सकाळी तिने टाचणीने डबी पुसली, नव्या खोलीत भिंतीवर लावली, आणि फोन घेऊन खाटेशी बसली. ओळी येऊ लागल्या. या वेळी तिने एकेक ओळ वाचली, मान वर करून ती वस्तू पाहिली, मगच बटण दाबलं. खिडकी, बरोबर. खाट, बरोबर. खाटेवर म्हातारा माणूस, बरोबर. खाटेजवळ बाई, बरोबर. भिंतीवर दोरी, ही चूक. ती वायर होती. सकाळचं लख्ख ऊन खोलीभर होतं, कुठे सावलीचा तुकडा नव्हता.

चौसष्टावी ओळ होती, दारात एक जण.

थोरलीने मान वर केली. दार सताड उघडं होतं. पलीकडे पॅसेज, पॅसेजमध्ये चपलांचा रॅक. तिने खूप वेळ पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. तेही दाराकडेच बघत होते, शांतपणे.

पुढे दोनच बटणं होती. बोट चूकवर गेलं, तिथेच थांबलं. चूक म्हटलं तर शेजारीण त्याला पुन्हा कधी बघणार नव्हती. तो दारातून आत आला, खाटेशी आला, बाबांवर वाकला, तरी फोनवर एक अक्षर येणार नव्हतं. बरोबर म्हटलं, तर तो दारातला रोजचा होऊन जाईल. मग निदान तो तिथून हलेल तेव्हा तिला कळेल.

तिने बरोबर दाबलं.

मग तिने मावशीला फोन केला, आपलं चुकलं असं स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि परत यायची विनंती केली. कारण काही सांगितलं नाही, आणि मावशीनेही विचारलं नाही. खोली बदलल्याचं तेवढं सांगितलं.

सोमवारी मावशी वेळेवर आली. थोरली पर्स खांद्याला लावून बाबांजवळ उभी होती, हातात फोन. फोन सकाळपासून मुका होता. मावशी पाणी घेऊन पॅसेजमधून आली, नव्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबली, पदर नीट केला, आणि चौकटीच्या डाव्या कडेला चिकटून, अंग चोरून आत आली.