हंड्याचा मान आणि एटीव्हीचा तोल

मंगळावरची वसाहत हा मानवी बुद्धीचा आजवरचा सर्वोच्च विजय होय. वसाहतीच्या तिसऱ्याच आठवड्यात तिथे मिरवणूक समिती स्थापन झाली.

समितीचे अध्यक्ष दामूअण्णा सरपोतदार. यंदा कारणही तसंच होतं. दोन वर्षं खोदल्यावर विहिरीतल्या बर्फाचं पहिलं पाणी हाती आलं होतं. ते हवाबंद तांब्याच्या हंड्यातून वसाहतीच्या दारापर्यंत मिरवत न्यायचं होतं. मान मिळाला बारा वर्षांच्या शाल्मलीला, कारण मुलांच्या एटीव्हीची (खाचखळगे, चढउतार, कुठेही चालणारी चारचाकी, हिच्यावर घोड्यासारखं बसतात) परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली ती एकटीच.

पण सकाळच्या रंगीत तालमीत भलतंच झालं. हंड्याऐवजी वाळूचं पोतं ठेवून, गाडीवर कुणालाच न बसवता, ती दुरून चालवून पाहिली. पहिल्याच वळणावर गाडीने चारही चाकं आकाशाला दाखवली.

दुपारी त्या गाडीवर शाल्मली असणार होती, आणि पोत्याच्या जागी दोन वर्षांची मेहनत.

"आठल्येसर, इथे वजन पृथ्वीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढंच ना? मग हलकी गाडी उलटलीच कशी?"

आठल्ये-२ हा सुरक्षा शिकवणारा यंत्रमानव. त्याला हसता येत नसे, त्यामुळे सगळे त्याला सर म्हणत.

"हलकी आहे म्हणूनच," तो म्हणाला. "वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. तो झोक वेगावर आणि वस्तुमानावर (वस्तूत किती द्रव्य आहे त्यावर) ठरतो. वस्तुमान इथेही तेवढंच. पण चाकं जमिनीला धरून ठेवतं ते वजन. ते घटलं."

"म्हणजे पाडणारा तोच पैलवान, आणि सावरणारा उपाशी!"

"बरोबर. पृथ्वीवर ताशी वीस किलोमीटर वेगाने जमणारं वळण इथे बारालाच धोक्याचं."

"पण काल मोकळी गाडी याच वेगाने वळली होती की."

आठल्ये-२ ने एका फळीवर परात ठेवली, शेजारी समई, आणि फळी हळूहळू तिरकी केली. समई आडवी झाली. परात नुसती घसरली.

शाल्मलीने उलटलेल्या गाडीकडे पाहिलं. पोतं पाच फुटी मखरावर बांधलेलं होतं. "वजन जितकं उंच, तितका गुरुत्वमध्य (सगळं वजन जणू जिथे एकवटलंय तो बिंदू) उंच. आपण गाडीची समई केली, सर!"

"मखर काढायचं?" दामूअण्णा दारातूनच गरजले. "मानाची वस्तू काय पायाशी ठेवायची? आणि घाबरतेस कशाला गं? मी बसतो ना मागे, हंडा धरून."

अण्णांना नाही म्हणायची वसाहतीत पद्धत नव्हती.

"नाही अण्णा. ही गाडी एकट्याची. चढावर मला पुढे झुकावं लागतं, उतारावर मागे सरकावं लागतं. गाडी कलू लागली की माझ्या वजनानेच ती सावरायची. तुम्ही मागे बसलात तर मी सरकू कुठे?"

"तुमच्या मांडीवर," आठल्ये-२ ने माहिती पुरवली.

अण्णांवर नकार ऐकायचा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता. ते म्हणाले, "बरं. पण हार तरी घाल गाडीला."

"चाकात अडकणार नाही असा," शाल्मली म्हणाली.

मखर उतरलं. हंडा मागच्या कॅरियरवर आडवा, पट्ट्यांनी आवळून. टेकडीच्या आडव्या उतारावरून जाणारी जवळची वाट शाल्मलीने स्वतःहून सोडली आणि लांबची, सपाट वाट धरली. वळणाआधी वेग कमी. पाय पायदानांवर, नजर पुढच्या दगडांवर. एका खड्ड्यात डावं चाक उतरलं. ती तशीच उजवीकडे झुकली, गाडी डुलली आणि पुन्हा नीट उभी राहिली.

दारात अख्खी वसाहत उभी होती. हंडा उतरला तेव्हा त्याला पोचाही आला नव्हता. शिरस्त्राणाच्या काचेआड शाल्मलीचा चेहरा हंड्यापेक्षा लखलखत होता. त्याच दिवशी सहा मुलांनी एटीव्हीच्या वर्गात नाव घातलं. सातवं नाव दामूअण्णांचं होतं.

लांबच्या वाटेने एटीव्हीला बावीस मिनिटं लागली. विहिरीपासून दारापर्यंत पायी सात मिनिटं लागतात.