परकं नाव

मेंदूच्या लहरी मोजायची टोपी डोक्यावरून काढली की केसांत जेल राहतो, आणि परभणीच्या जड पाण्यात तो एका धुण्यात निघत नाही. आमच्या प्रशिक्षणातलं पहिलं ज्ञान हेच. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या सहा जणांना कॉलेजनं निवडलं होतं. दोन वर्षं, दर शनिवारी, मेंदूवरचं संशोधन कसं करतात ते शिकायचं. बाकीची पोरं शनिवारी पिक्चरला जायची आणि आम्ही फिजिऑलॉजीच्या मागच्या खोलीत एकमेकांच्या टाळूला तारा चिकटवत बसायचो. हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

शिकवायला डॉ. राजेश्री मॅडम होत्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत, नुसता चष्मा काढायच्या, आणि तेवढं पुरायचं. माझी जोडी राणीशी लावली होती. राणी गंगाखेडची, तोंडाची फटकळ, हाताची मात्र हलकी. तारा तिनंच चिकटवाव्यात.

प्रयोग साधा होता. लकवा मारल्यावर ज्यांची वाचा गेली, अशा माणसांच्या कानाला हेडफोन लावून आठ नावं ऐकवायची. एक त्यांचं स्वतःचं, एक घरातल्या जवळच्या माणसाचं, आणि सहा परकी. प्रत्येक नाव साठ वेळा, उलटसुलट क्रमानं. ओळखीचं नाव कानावर पडलं की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूची रेघ उंचवटा घेते. परक्या नावाला जवळजवळ सपाट राहते. माणूस बोलो न बोलो, आत कुणी ऐकतंय का ते रेघ सांगते.

हा प्रयोग मला का हवा होता, हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं. माझे वडील दिनकरराव पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारे, होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि नजर छताला लागली ती लागलीच. हॉर्न ऐकून गाडी ओळखणारा माणूस, आता घरामागून एक्स्प्रेस धडधडत गेली तरी पापणी हलवायचा नाही. आई म्हणायची, "वळखतेत गं तुला. बोलता येईना म्हनून." आईचं समाधान आईला लखलाभ. मला रेघ बघायची होती. अण्णा मला ओळखतात का, एवढ्या एका प्रश्नापायी मी सहा जणांत नंबर लावला होता.

परकी नावं मीच निवडली. तीन अक्षरांची, आजकाल आपल्या भागात फारसं कुणी ठेवत नाही अशी. नलिनी, अनघा, वैदेही, रोहिणी, शाल्मली, कोकिळा. आवाजही माझाच. पंखा बंद करून, घाम पुसत, आठवडाभर मी ती नावं बोलत होते आणि हेडफोन लावून तपासत होते.

"कोकिळा कुठून काढलंस? तुझ्या पंजीचं हाय का?" राणीनं विचारलं.

"सुचलं."

खरं सांगायचं तर ते नाव मी कधी लिहिलं, मला आठवत नव्हतं. नावांच्या चिठ्ठीवर अक्षर मात्र माझंच होतं.

पहिल्या पेशंट झरीच्या कडूबाई. कॉलेजच्या जीपनं सामान घेऊन गेलो. सून सविता भारी चुणचुणीत बाई. तिनं सासूची वेणी सोडून दिली, डोकं धरून बसली आणि हेडफोन बघून हसत सुटली.

"कानात नाव सांगायलात व्हय? म्हातारीचं बारसं करायलात की काय?"

आम्हीही हसलो. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तसंच तर होतं ते सगळं. कडूबाईंच्या डोळ्यांत काही नव्हतं. वीस मिनिटं त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

परत येऊन रेघा काढल्या. कडूबाई या नावाला लहानसा उंचवटा. मुलाच्या नावाला त्याहून मोठा. आणि सगळ्यांत उंच कोकिळाला.

मी कपाळावर हात मारला. चूक आमचीच होती. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, आणि आमच्या फॉर्मात माहेरच्या नावाचा रकानाच नव्हता. मॅडमनी चष्मा काढला. "या भागात जन्म काढून एवढं सुचू नये?" मी लगेच सविताला फोन लावला. तिनं सासूच्या भावाला विचारून सांगितलं, "माहेरचं नाव सरजा. कोकिळा आमच्यात कुणीच न्हाई, ताई. गल्लीत बी न्हाई."

दुसरे पेशंट पोखर्णीचे महारुद्र. गडी उसतोडीवरून आला आणि घरच्या अंगणातच कोसळला. पुरुषमाणसाला कुठलं आलंय माहेर? बायको कमलबाई उशाशी बसून त्यांच्या तळव्याला तेल चोळत होती.

कोकिळाला पुन्हा तोच उंचवटा.

मग मी हट्टाला पेटले. आवाजाची पातळी मोजली, त्या नावात कुठे खट्ट आवाज आहे का ते शोधलं. काही सापडलं नाही. सगळी नावं राणीच्या आवाजात पुन्हा भरली. तिसऱ्या आणि चौथ्या पेशंटची रेघ तशीच. मशीनच बिघडलं असेल म्हणून आमच्यातल्या पाच जणांना टोपी घातली. पाचही जणांना कोकिळा परकी. मशीन ठणठणीत होतं. सहावी मी, पण मी मशीनवर बसले होते.

त्याच आठवड्यात कमलबाईंचा फोन आला.

"ताई, तुमी गेल्यापासून हे दाराकडं बघायलेत. मान हालत नव्हती, आता वळायली. दिवसभर दाराकडंच." मग तिनं विचारलं, "कुणी येनार हाय का?"

सवितानंही तेच सांगितलं. म्हातारी दाराकडे तोंड करून बसते, खाट फिरवली तरी मान फिरवते. बाकी दोघांच्या घरीही हाच प्रकार. मॅडमनी फायलीत 'मानेची हालचाल सुधारली' असं लिहिलं. मलाही बरं वाटलं. कारण काही का असेना, माणसं हलायला लागली होती.

अण्णांचं मी तेव्हाच सांगितलं. मॅडमनी हातातली फाईल मिटली. "घरच्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नसते, मंजुषा. राणी घेईल. तू त्या खोलीत थांबायचं नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तसा पूर्वी कधी ठेवला नव्हता.

राणी आणि मी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पिंगळी, मिरखेल, पूर्णा. टोपीची पेटी मी मांडीवर धरली होती. घरी आईनं अण्णांना नवा सदरा घातला होता, पाहुणे येणार असल्यासारखा. जवळच्या माणसाच्या नावाच्या जागी राणीनं 'मंजुषा' भरलं आणि मला बाहेर काढलं. वीस मिनिटं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. आई ज्वारी निवडत होती. 

राणीनं लॅपटॉप माझ्यापासून वळवून घेतला, पण उशीर झाला होता.

दिनकरराव, उंचवटा. मंजुषा, सपाट. कोकिळा, मी आजवर बघितलेला सगळ्यांत मोठा उंचवटा.

मी मागच्या दाराला जाऊन रडले. लाज वाटायचं कारण नाही. ज्या माणसानं मला रात्रपाळी करून शिकवलं, त्याला माझं नाव नलिनी-अनघाइतकंच परकं होतं. राणी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नुसती शेजारी उभी राहिली.

नंतर मी आईला विचारलं, "आपल्यात कोकिळा नावाचं कुणी होतं का? अण्णांच्या नात्यात, ओळखीत?"

"न्हाई बाई."

"माझं नाव आधी दुसरं काही ठेवलं होतं?"

"कस्तुराआत्यानं तुज्या कानात सांगितलं, मंजुषा. मी समोरच बसल्याली. कुर्र करून सांगितलं." मग ती सुपातले खडे बाजूला सारत म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसलीस? माजं इंदू होतं. हितं आल्यावर कुसुम केलं. पयल्यांदा कुणी हाक मारली की मी वळायची न्हाई. सासूबाईला वाटायचं सून बहिरी हाय. मग झाली सवय."

निघताना अण्णांच्या खोलीत डोकावले. त्यांची नजर छतावरून उतरली होती. ते दाराकडे बघत होते. मी दारातच उभी होते, तरी माझ्या आरपार बघत होते.

पुढच्या शनिवारी मी राणीला म्हटलं, "मला टोपी घाल."

"कशाला?"

"सहावी राहिले मी."

तिनं तारा चिकटवल्या. जेल गार लागला. मी डोळे मिटून आठ नावं साठ-साठ वेळा ऐकली. आता ती राणीच्या आवाजात होती.

तिनं रेघा काढल्या आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"दाखव."

"टोपी हालली असंल. परत घेऊ."

परत घेतलं. दोन्ही वेळा तेच.

मंजुषा, सपाट.

कोकिळा, उंचवटा. स्वतःच्या नावाला येतो तसा.

राणीनं लॅपटॉप मिटला. "मॅडमना नको सांगू," ती हळूच म्हणाली. ती माझ्या डोक्यावरून तारा काढत होती. हलक्या हाताची पोरगी ती, त्या दिवशी माझे केस ओढले गेले.

मी खोलीतल्या स्टुलावर बसून विचार केला, शिकवलं होतं तसाच, पायरी पायरीनं. मी रेघेला एकच प्रश्न विचारला होता. अण्णा मला ओळखतात का? माझ्या रेघेप्रमाणे मी कोण, ते आता माझ्यासमोर होतं. अण्णांची रेघही समोर होती. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले तर उत्तर मला हवं तेच होतं.

केस न धुताच मी स्टेशन गाठलं.

पूर्णा जंक्शनला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. घराचं दार उघडं होतं. आई स्वयंपाकघरात होती. अण्णा उशीला टेकून दाराकडे बघत होते.

मी दारात उभी राहिले. 

"अण्णा," मी म्हटलं. "कोकिळा आलीय."

त्यांची नजर हलली.

दारावरून ती माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथे थांबली. लकव्यानंतरच्या सात महिन्यांत पहिल्यांदा.

डावा हात उचलला गेला. मी धावत जाऊन तो धरला. त्यांनी माझं मनगट घट्ट आवळलं, लहानपणी रूळ ओलांडताना आवळायचे तसंच. त्यांचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडेच. मी हुंदके देत हसत होते आणि मला दुसरं काहीही नको होतं.

स्वयंपाकघरात परात वाजली.

"कोकिळा," आईनं आतून हाक मारली. "हातपाय धू. भाकर टाकायले."

मी वळून बघितलं. आई पीठ मळत होती, रोजच्यासारखी. मी तिला काही विचारलं नाही. मी हातपाय धुतले.

जेवताना फोन वाजला. सविता होती. "ताई, म्हातारी दाराकडं बघायची थांबली. चार-सव्वाचारला. आता हासायली."

पाठोपाठ कमलबाईंचा. तीच वेळ.

अण्णा आता आठवड्याला एखादा शब्द बोलतात. डाव्या हातानं पेला धरतात. हॉर्न ऐकला की बोट वर करतात. मॅडम म्हणतात, मेंदू कधीकधी असा बरा होतो, आपल्याला सगळं कळत नाही. शनिवारचं प्रशिक्षण चालू आहे आणि मी एकही शनिवार चुकवलेला नाही.

काल दुपारी वर्ग सुटल्यावर मी व्हरांड्यातून निघाले होते. मागून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मंजुषा, ए मंजुषा. चार-पाच वेळा, दर वेळी जवळून. कोण आहे ही मंजुषा, एवढी हाक मारतायत तर ओ का देत नाही, असं मला वाटलं.

मग राणीनं मागून येऊन माझा खांदा धरला.