दीपेशची करंगळी

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा उडवलं.

कारण या पेजवर जे येतं ते मी वाचतो आणि हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय. खाली दोनशे जण 'सावध राहा' लिहिणार. डोकं गहाण टाकलंय का रे सगळ्यांनी?

पण हे खरं आहे. यंदाची पंचवीस एप्रिल, दुपारचे अडीच, पडघ्याजवळचं आमचं गाव. रात्र-बित्र काय नव्हती. टळटळीत ऊन होतं.

दीपेश माझा लहानपणापासूनचा दोस्त. वडप्याच्या एका गोडाऊनला कामाला होता. फेब्रुवारीत डावा हात कन्व्हेयरच्या पट्ट्यात गेला. कोपरापासून काढावा लागला. सुपरवायझर काय बोलला माहितीय? "बाही लांब का घातली?" म्हणजे चूक शर्टाची.

हॉस्पिटलने कापलेला हात पिशवीत बांधून माझ्याकडे दिला. सही घेतली. गावाला नेऊन पुरा, बोलले.

आमच्याकडे लहान पोर गेलं की ओढ्याकाठी पुरतात. दीपेशची पोरगी रिया तिथेच आहे. तेरा महिन्यांची होती, तापात गेली. दोन वर्षं झाली. बाकी सगळा कातळ, तिच्या बाजूची माती तेवढी मऊ. मला शिफ्ट गाठायची होती.

तिथेच पुरला.

दीपेशला सांगितलं, हॉस्पिटलनेच जाळला.

महिन्याभराने तो बोलायला लागला... हात दुखतोय.

जो नाय, तोच.

मूठ आवळलीय, नखं रुततायत, झोप नाय. त्याची आई, आक्का, भगताकडे जाऊन आली. भगताने कोंबडा मागितला. त्याला तर सगळ्या आजारावर कोंबडाच लागतो.

"हात भटकतोय त्याचा," आक्का बोलली.

"आक्का, हाताला पाय असतात काय?"

"तुला लय कलतंय," ती बोलली आणि तोंड फिरवलं.

कळतंच. बारावी नापास आहे, पण मेंदूचं मोबाईलवर मी रात्रंदिवस बघतो. हात गेला तरी मेंदूत हाताची जागा राहते. तिकडून काय येत नसलं तरी तिथल्या पेशी गप्प बसत नाय. आपल्याआपण करंट सोडत राहतात. कापलेल्या नसेचं टोक पण सोडतं. कामगार घरी गेले आणि कापडाचा पॉवरलूम बंद करायचा राहिला, तसं.

काल्हेरला त्याच्या खोलीवर आरसा उभा केला. समोर उजवा हात. आरशात बघितलं की वाटतं, डावा जागेवर आहे.

"आता दोन्ही मुठी उघड," मी बोललो.

दहा दिवस केलं. मूठ उघडली. दीपेश पहिल्यांदा नीट झोपला. मी भगताच्या नावाने दोन शिव्या घातल्या.

अकराव्या दिवशी...

"कुमार, चार बोटं उघडली. करंगळी नाय."

"उघडेल."

"नाय रे. ती मी नाय आवळलेली. कोणीतरी धरलीय."

मग हळूच बोलला...

"छोटा हात आहे."

मी हसलो. "नस आहे ती येड्या. पेटते आपलीआपली."

"रिया अशीच धरायची."

त्याची बायको रूपा चहा करत होती. तिने गॅस बंद केला.

हात कुठे आहे ते फक्त मला माहीत होतं.

मग ठरवलं, हात उकरायचा आणि लांब पुरायचा. तरीही करंगळी धरलेलीच राहिली, तर ती नस. साधा प्रयोग. कोणाला सांगितलं नाय.

पंचवीस तारखेला कुदळ घेऊन ओढ्यावर गेलो. चिटपाखरू नव्हतं. पहिला घाव. दुसरा.

तिसरा घातला आणि... फोन वाजला.

रूपा होती.

"भावोजी, कुठे आहात? यांची करंगळी कोणीतरी ओढतंय बोलतात. सोडतच नाय."

मागून दीपेशचा आवाज येत होता. तो ओरडत नव्हता. कोणालातरी समजावत होता...

"मी आहे ना. घाबरू नको. मी आहे."

काल्हेर तिथून पंचवीस-तीस किलोमीटर.

कुदळ टाकली. दोन्ही हातांनी माती परत लोटली, दाबली. फोन चालूच होता.

"थांबलं," रूपा बोलली.

योगायोग. मी पण तेच बोलतो. नस दिवसभर पेटते, एखाद वेळ जुळते. तुमच्यापैकी कोणी कमेंटमध्ये हे लिहिलं तर बरोबरच लिहिलं. फक्त रात्री मला ते पटत नाय.

संध्याकाळी काल्हेरला जाऊन दीपेशला सगळं सांगितलं. खोटं बोललो ते पण. वाटलं, उरलेल्या हाताने कानफटात देईल.

त्याने उजव्या हाताने रिकामी बाही चाचपली.

"तिच्या बाजूलाच?"

"बाजूलाच. वीतभर."

"आरसा घेऊन जा," तो बोलला. "चार बोटं उघडली, बस झालं."

मी आरसा उचलला. दारात पोचलो तर त्याने हाक मारली.

"पावसात तिकडची माती खचते. मला आता कुदळ धरता येत नाय. भर टाकशील?"

मला त्या ओढ्यावर परत पाय ठेवायचा नाय. खरंच नाय.

"टाकीन," मी बोललो. "दरवर्षी टाकीन."