ओरडणारं चाक

काम एवढंसंच होतं. गाडी मामाच्या गॅरेजात न्यायची, पुढच्या उजव्या चाकाची किंकाळी बंद करून घ्यायची आणि परत आणायची. पहाटे तिला आईला घेऊन घाट उतरायचा होता. खालच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणी होती. ब्रेक बदलायचे नाहीत, हे बाबांनी तीनदा बजावलं होतं. "लागतात ना? मग झालं. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी. मला शिकवू नकोस."

तिने शिकवलं नाही. दार मात्र भिंत हादरेल असं आपटलं.

गॅरेजात पोचली तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे आठ वाजले होते. मामाने गाडीखाली जॅक लावला, मामेबहिणीच्या हातात बॅटरी दिली आणि चाकाचे नट सैल करायला घेतले.

"मामा, फक्त आवाज बंद करायचाय म्हणे."

पाना थांबला. "कोण म्हणे?"

"तुमचे दाजी. मी भांडून दमले. करून टाका, मला उशीर होतोय."

"ब्रेकच्या पॅडला एक पातळ पोलादी पट्टी असते," मामा म्हणाला. "पॅड झिजत आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासते. ओरडण्यासाठीच ठेवलीय ती. पक्कडीने दाबली की गप्प होते. पॅड झिजतच राहतो."

"लेक्चर नको हो, मामा."

"लेक्चर नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक फिटर होता, त्याचं सांगतो."

तिने सुस्कारा सोडला. मामेबहीण मात्र जवळ सरकली.

"त्याच्याकडे एक हेडक्लार्क यायचा. ऑफिसात त्याला 'चूपसाहेब' म्हणायचे. कोणी तोंड उघडलं की हा म्हणायचा, चूप! त्याची पोरगी तुझ्या वयाची. तुझ्यासारखीच फटकळ. म्हणाली, बाबा, ब्रेक ओरडतायत, बदला. चूपसाहेब फिटरला म्हणाला, दोघींनाही गप्प करता आलं तर बघ. फिटर हसला आणि पट्टी दाबून दिली."

"हसला?" तिचा आवाज चढला. "त्याला कळत नव्हतं?"

"कळत होतं." मामाने पाना पुन्हा फिरवला. "सतराव्या दिवशी. रात्री आठ चाळीस. पोरगी चालवत होती, बाप शेजारी. उतार. वळणावर सळयांचा ट्रक उभा. तिने पेडल दाबलं. पॅड संपून नुसतं लोखंड उरलेलं. ब्रेक ऑईल गळून गेलेलं. पेडल खाली गेलं... पार तळापर्यंत."

एक नट फरशीवर पडला. कोणी उचलला नाही.

"सळई काच फोडून आत आली. तिच्या गळ्यातून गेली. सीट फाडून मागे निघाली. बापाला साधा ओरखडा नाही. ती पंधरा मिनिटं जिवंत होती. तोंड उघडायची. नुसतं रक्त यायचं. आवाज..."

मामाने मान हलवली.

"चेंदामेंदा झालेली गाडी फिटरच्या आवारात आणून टाकली. तिसऱ्या रात्री चूपसाहेब आला. अनवाणी. कानांवर हात. म्हणाला, ओरडतेय, बंद कर तिला. फिटरला काही ऐकू येईना. पण उजवं चाक... फिरत होतं."

"इंजिन चालू होतं?" मामेबहिणीने विचारलं.

"इंजिनाचा चुरा झाला होता. चाक अधांतरी. तरी फिरत होतं. बापाने ते थांबवायला हात घातला. चाकाने आत ओढला. बोटं. मनगट. कोपर. हाडं काटक्यांसारखी मोडली. फिटरने त्याला कमरेला धरून मागे खेचलं. तोंडावर रक्ताची चिळकांडी. बापाचं तोंड उघडं... जीभ बाहेर... ओरडत होता तो. आणि आवाज नाही. काहीच नाही."

"मग?"

"हात तुटला. मग चाक थांबलं. माणूस जगला. पुन्हा कधी बोलला नाही."

"आणि फिटर?"

मामा आपल्या हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

मग ती ताडकन उठली. "मामा, पॅड बदला. दोन्ही चाकांचे. बाबांना मी बघून घेते."

मामाने चाक उतरवलं. पॅड काढला. बॅटरीच्या उजेडात उलटा-सुलटा केला. कागदाइतकं मटेरियल उरलं होतं. पहाटेचा घाट तिच्या डोळ्यांसमोर आला. आणि शेजारच्या सीटवर आई.

"ये इकडे," मामा हळूच म्हणाला. "ही पट्टी बघ."

पट्टी सपाट होती. दाबलेली. तिच्यावर पक्कडीचे दात उमटले होते.

तिने तिथूनच बाबांना फोन लावला.

"हो, मागच्या महिन्यात मीच दाबून घेतली दुसऱ्याकडून," बाबा खेकसले. "काडीचा उपयोग नाही. आधी नुसती कुरकुरायची. त्या दिवसापासून किंकाळ्या मारतेय."

तिने फोन ठेवला.

"लोखंड घासत असेल," ती म्हणाली. "चकतीला. हो ना, मामा?"

"मग चरे पडले असते." मामाने चकतीवरून बोट फिरवलं. मग तिचं बोट धरून फिरवलं.

गुळगुळीत. एकही चरा नाही.

"मग महिनाभर ओरडत होतं कोण?" मामेबहिणीने विचारलं.

मामाने नव्या पॅडचं खोकं उचललं. चकतीकडे न बघता ते फोडायला घेतलं.